गौरव म्हणजे वजन

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



आम्ही कसबा बावड्यातल्या ख्रिस्ती बायका. माईकसमोर एकीला बसवलंय, पण मजकूर सगळ्यांनी मिळून केलाय. म्हणून यात 'मी' कुठं येणार नाही, 'आम्ही'च येईल. काही चुकलं तर तेही सगळ्यांचंच.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. आमचा बचत गट बारा जणींचा आहे. सात जणी चर्चला जाणाऱ्या आणि पाच शेजारणी. बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला. एकदा बैठक सुरू व्हायच्या आधी आम्ही आमच्या सवयीनं एक गीत म्हटलं आणि प्रार्थना केली. शेवटी म्हणालो, देवा, तुझं गौरव होवो. तर एक शेजारीण चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाली, "वैनी, एक इचारू काय? रविवारी तुम्ही देवाचं गौरव करतासा, ते कळलं. पण सोमवारपासनं शनवारपर्यंत काय करतासा?"

सगळ्या हसल्या. मग आमच्यातली एक म्हणाली, "रोज प्रार्थना करतो की." त्यावर ती म्हणाली, "ते आमीबी करतो. दिवा लावतो, हात जोडतो. त्याच्याफुडं काय?"

उत्तर कुणालाच सुचलं नाही. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द, पण त्याचा अर्थ सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. त्या रात्री एकीनं पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "मूळ शब्द बघा, म्हणजे कळेल." पवित्र शास्त्राचा जुना करार इब्री भाषेत लिहिलेला आहे. त्यात गौरवाला 'कावोद' असा शब्द आहे, आणि त्याचा मुळातला अर्थ आहे जडपणा, वजन. आणि गंमत बघा, आपला 'गौरव' शब्द 'गुरू'वरून आला, आणि संस्कृतात गुरू म्हणजे जड. इब्रीचा आणि संस्कृताचा काही संबंध नाही, तरी दोन्हीकडं माणसांनी मानाला वजनाचाच शब्द लावला. आपण नाही का म्हणत, अमक्याच्या शब्दाला गावात वजन आहे?

वजन म्हटल्यावर आम्हाला जरा धीर आला, कारण वजन हे बायकांच्या रोजच्या हातातलं काम. आमच्या बावड्यात कारखाना आहे. गळीत हंगामात रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. ट्रॉली काट्यावर दोनदा चढते, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा. त्यातला फरक तो खरा ऊस. डेअरीत दूध घालायला गेलं की मापही होतं, फॅटही लागते आणि डिग्रीही बघतात. पाणी घातलेलं असलं की ते यंत्राला कळतं. तेव्हा देवाचं गौरव करणं म्हणजे देवाला वजन देणं, असं आम्ही धरलं. देव काही आमच्या म्हणण्यानं जड व्हायचा नाही आणि हलकाही व्हायचा नाही. प्रश्न एवढाच की आमच्या दिवसाच्या काट्यावर त्याला ठेवतो का. कुठलं काम करायचं, कुठलं टाळायचं, कुणाला काय बोलायचं, हे ठरवताना नवऱ्याच्या रागाचं वजन पडतं, सासूच्या बोलण्याचं पडतं, लोक काय म्हणतील याचं तर फारच पडतं. देवाचं किती पडतं?

आता दुसरी एक गोष्ट. प्रेषित पौलाचं एक वाक्य आमच्याकडं पाटीवर, कॅलेंडरवर सगळीकडं असतं. त्याचा भावार्थ असा, की खाणंपिणं असो नाहीतर दुसरं काही, सगळं देवाच्या गौरवासाठी करावं. आम्हाला वाटायचं हे उपासनेतलं मोठं वचन आहे. पण करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं ते पहिलं पत्र सलग वाचलं तर कळतं, की तो विषय चुलीचा आहे. त्या शहरात बाजारात मिळणारं मटण बऱ्याचदा मूर्तीपुढं दाखवून मग विकायला आलेलं असायचं. शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं तर ख्रिस्ती माणसानं खायचं का नाही, यावर तिथं भांडण लागलं होतं. पौलानं सांगितलं ते थोडक्यात असं: बोलावलं तर जा, वाढलं ते खा, उगाच चौकशा करत बसू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून थांबा. आणि कुणालाही ठेच लागेल असं वागू नका.

बायांनो, हा प्रश्न आमच्या दारात दर श्रावणात उभा असतो. शेजारीण सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन येते. द्रोणातला तो गरम शिरा, वर केळ्याचा वास. ती प्रेमानं आणते. आमच्यात यावर दोन मतं आहेत, आणि ती आज रेडिओवर एक होणार नाहीत. काही जणी घेऊन खातात. म्हणतात, देव एकच आहे, शिरा हा शिरा आहे. काही जणी म्हणतात, "आक्का, आम्ही प्रसाद खात नाही, पण तुम्ही आठवण ठेवून आलात, बसा, चहा घ्या." एक गोष्ट मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवली. दाराआड लपायचं नाही, आणि घेतलेला द्रोण ती वळल्यावर टाकून द्यायचा नाही. पूर्वी हे आमच्यातल्या काही घरांत व्हायचं. तोंडावर गोड हसायचं आणि पाठीमागं शिरा कुत्र्याला. देवासाठी कडक राहिलो असं तेव्हा वाटायचं. आता लाज वाटते. त्या शिऱ्यात शेजारणीची पहाट गेलेली असते. आणि नाताळाला आम्ही करंज्या, चकल्यांचं ताट घेऊन तिच्या दारात जातो तेव्हा ती कधी विचारत नाही, कुठल्या देवापुढं ठेवून आणलं म्हणून.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळी कशी आली तेही दोन शब्दांत सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं आम्ही काल आलो. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पुढं हे काम प्रेस्बिटेरियन मंडळीकडं गेलं. या मंडळीची एक जुनी प्रश्नोत्तरी आहे, पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात केलेली. तिचा पहिलाच प्रश्न असा, की माणूस जन्माला येतो तो मुख्यतः कशासाठी. उत्तराचे दोन भाग आहेत. एक, देवाचं गौरव करण्यासाठी. दुसरा, त्याच्यात कायमचा आनंद घेण्यासाठी.

या दुसऱ्या भागाकडं आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. बाईच्या वाट्याला धर्म बहुतेक कामाच्या रूपानंच येतो. उपास तिनं करायचा, सणाचा स्वयंपाक तिनं करायचा, चर्चमध्ये झाडलोट आणि फुलं तिचीच. आनंद घेणं हेही देवाचं काम आहे, हे कुणी सांगत नाही. आमच्यातल्या थोरल्या आज्जी दिवेलागणीला शेळ्या बांधून झाल्या की पायरीवर बसतात आणि दहा मिनिटं काहीच करत नाहीत. सून म्हणायची, "आत्या, जरा लसूण तरी सोला." त्या म्हणायच्या, "थांब गं, देवाचं ऊन बघतोय." आम्ही हसायचो. आता नाही हसत. राजाराम बंधाऱ्याकडनं येणारा वारा, कापलेल्या उसाचा वास, आणि दहा मिनिटं हात रिकामे. ज्यानं हे दिलं त्याला याहून सोपा मान कुठला द्यायचा?

पण कष्टाचा भागही आहेच. मिरजेला डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला, आणि कोल्हापुरात मेरी वानलेस हॉस्पिटल आहे. या दवाखान्यांत आमच्या कितीतरी घरांतल्या आत्या, मावश्या नर्स झाल्या. त्या काळी परक्या पुरुषाचं अंग पुसणं, भांडं धुणं, रात्रपाळी करणं हे चांगल्या घरच्या मुलीचं काम नाही, असं लोक म्हणायचे. या मुली गेल्या. घरी आल्यावर त्या देवाविषयी फार बोलायच्या असंही नाही. कंबर धरून झोपायच्या. रोग्याची जात विचारायची नाही आणि पलंगावरच्या माणसाचा कंटाळा करायचा नाही, एवढं त्यांच्या अंगात मुरलं होतं.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुली आणि विधवा गोळा करून आणल्या आणि पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथं शेती होती, विणकाम होतं आणि छापखानाही होता. रमाबाईंना वाटायचं की पवित्र शास्त्राची मराठी अशी पाहिजे, की खेड्यातल्या बाईला वाचून दाखवली तर कळली पाहिजे. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि शेवटपर्यंत भाषांतर करत राहिल्या. १९२२ साली त्या गेल्या. छापखान्यात खिळे जुळवायला त्याच मुली होत्या, ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती. एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. एक चुकला तर ओळ चुकली. आम्हाला प्रवचनापेक्षा त्या बोटांचा विचार जास्त पटतो.

आता मुख्य गोष्ट. ही सांगायची का नाही यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. ज्या दोघींची आहे त्यांना विचारून सांगतोय. त्यातली एक इथं शेजारीच बसलीय.

आमच्या गटाच्या पेटीतून एका बहिणीला आठ हजार रुपये दिले गेले. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. ती रडत खजिनदाराकडं आली. बैठक व्हायला अजून पंधरा दिवस होते. खजिनदारानं ठराव नाही, सही नाही, काही नाही, पैसे काढून दिले. मनात वाईट काही नव्हतं. ईस्टरच्या आत परत येतील असं दोघींचं ठरलं होतं. ईस्टर गेला, पैसे आले नाहीत. खजिनदारानं वहीत तीच रक्कम चार नावांवर किरकोळ कर्ज म्हणून थोडी थोडी दाखवली, म्हणजे बेरीज जुळेल.

बेरीज जुळलीही. पण ज्यांच्या नावावर कर्ज पडलं त्यातल्या एकीनं वही उघडली, आणि कळलं.

आम्ही सात ख्रिस्ती बायका एकत्र बसलो, दार लावून. आणि काय ठरवलं माहीत आहे? गप्प बसायचं. सातही जणींनी थोडे थोडे घालायचे, हळूहळू भरून काढायचं, वहीतलं तसंच राहू द्यायचं. कारण गटात पाच शेजारणी दुसऱ्या धर्माच्या. त्यांना कळलं तर म्हणतील, बघा, प्रार्थना करणाऱ्या बायका. देवाचं नाव खराब होईल. देवाच्या गौरवासाठी झाकायचं, असं चक्क हेच शब्द वापरले आम्ही. आणि त्या दिवशी प्रार्थना करूनच उठलो.

पुढच्या बुधवारी घरसभेत थोरल्या आज्जींच्या वाचनात यहोशवाच्या पुस्तकातला सातवा अध्याय आला. त्यांनी मुद्दाम काढला नव्हता, त्यांचं सलग वाचन चाललं होतं. यरीहो शहर पडल्यावर आखान नावाच्या माणसानं लुटीतला एक सुंदर झगा, चांदी आणि सोन्याची वीट चोरून आपल्या तंबूत पुरून ठेवली. सगळी माणसं ओळीनं पुढं आली आणि शेवटी आखान सापडला. तेव्हा यहोशवा त्याला म्हणतो, बाळा, देवाचं गौरव कर आणि काय केलंस ते सांग.

आज्जी तिथंच थांबल्या. चष्मा वर केला. म्हणाल्या, "हितं गौरव कर म्हंजे खरं बोल असंच हाय की गं." त्यांना आमच्या वहीतलं काही ठाऊक नव्हतं. खजिनदार रडायला लागली.

त्या गोष्टीचा पुढचा भाग आम्हाला आवडत नाही, हेही सांगतो. खरं बोलूनही आखानला दगडांनी मारलं, त्याच्या घरादारासकट. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि त्याचं गोड स्पष्टीकरण आमच्याकडं नाही. पण शब्दाचा अर्थ तेवढा पक्का झाला. योहानाच्या शुभवर्तमानातही, जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला दिसायला लागलं तेव्हा परूशी त्याला बोलावून देवाचं गौरव कर म्हणतात. तिथंही अर्थ तोच, देवाला स्मरून खरं सांग. आणि आम्ही देवाच्या गौरवासाठी खोटी वही लिहून बसलो होतो. काट्यावर देवाचं वजन टाकायचं सोडून आमच्या अब्रूचं टाकलं होतं आणि वर नाव त्याचं लिहिलं होतं.

दहा तारखेच्या बैठकीत सगळं सांगितलं. खजिनदारानं आपल्या तोंडानं सांगितलं, पैसे घेतलेल्या बहिणीनंही सांगितलं, आणि आम्ही बाकीच्या पाच जणींनी झाकायचं ठरवलं होतं तेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आमच्यातल्या दोघींनी वाचलंय. त्यात बाई स्वतःची फजिती, स्वतःचं सोवळं, स्वतःचा हट्ट इतक्या मोकळेपणानं सांगतात, की वाचताना वाटतं हे सोपं आहे. सोपं नाही. घशाला कोरड पडते.

सगळ्यांनी माफ केलं आणि गट पहिल्यासारखा झाला, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. एक शेजारीण तिथंच उठली. तिनं आपली बचत मागून घेतली आणि गट सोडला. आजही रस्त्यात भेटली तर मान हलवते, बोलत नाही. तिचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. दुसरीनं, म्हणजे जिनं तो सोमवार ते शनिवारचा प्रश्न विचारला होता तिनं, बराच वेळ वही चाळली. मग म्हणाली, "पेटीची एक किल्ली माझ्याकडं ठेवतो, एक तुमच्याकडं ठेवा. दोघी असल्याबिगर पेटी उघडायची न्हाई." आम्ही हो म्हणालो. आता पेटीला दोन कुलपं आहेत. ठरावाशिवाय एक रुपयाही निघत नाही, आणि बैठकीत गीताच्या आधी वही मोठ्यानं वाचली जाते. नवीन खजिनदार तीच शेजारीण आहे.

आता बारा जणींच्या अकराच राहिलोय. काही जणी आम्हाला म्हणाल्या, हे रेडिओवर कशाला? चर्चचं नाव जाईल. हीच चूक आम्ही एकदा दार लावून केली होती, आता माईक लावून कशाला करायची?

महापुराचं एक सांगायचं राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा अशी चढली की पाणी उपसायची केंद्रंच बुडाली. सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, हे कोल्हापूरकर बायकांना सांगायला नको. एका रविवारी नेमका उपासनेच्या वेळेला टँकर आला. निम्म्या जणी घागरी टाकून चर्चला गेल्या, निम्म्या रांगेत राहिल्या. राहिलेल्यांनी चालता न येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची पण भांडी भरली. गेलेल्यांनी चर्चमध्ये पुरात अडकलेल्यांसाठी प्रार्थना केली आणि तिथंच भाकरी गोळा करायचं ठरवून आल्या. त्या दिवशी गौरव कुणी केलं, यावर आम्ही अजून भांडतो. रांगेतल्या म्हणतात आम्ही, चर्चमधल्या म्हणतात आम्ही. ज्या म्हाताऱ्यांच्या घागरी भरल्या त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पाणी गढूळ हुतं."

प्रवेश मिळालेली ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. आठ हजारांचे महिना पाचशेप्रमाणे सोळा हप्ते ठरले. अकरा फिटले, अडीच हजार राहिलेत. येत्या दहा तारखेला बारावा हप्ता आहे. संध्याकाळी पाच वाजता बैठक, आधी वही, मग गीत. गट सोडून गेलेल्या शेजारणीलाही आम्ही दर वेळी निरोप धाडतो. या वेळी निरोप घेऊन ती किल्लीवाली स्वतः जाणार आहे.